मिलिग्रॅममध्ये न मावणारा धोका

टूथपेस्ट, औषधाच्या गोळीवरचे पांढरे आवरण, च्युइंगगम, सनस्क्रीन आणि भिंतीचा रंग या सगळ्यांत बहुधा एक पांढरी पूड असते. तिचे नाव टायटॅनियम डायऑक्साइड. या एकाच पुडीबद्दल जगातील जबाबदार संस्थांनी गेल्या काही वर्षांत एकमेकांशी न जुळणारे निर्णय दिले आहेत. अन्नात ही पूड सुरक्षित मानता येत नाही, कारण पेशीतील जनुकीय द्रव्याला तिच्यामुळे इजा होण्याची शक्यता नाकारता आलेली नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये सांगितले. त्यानुसार २०२२ मध्ये युरोपीय संघाने तिला खाद्यपदार्थांतून हद्दपार केले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने फेरआढावा घेतला आणि आहारातील प्रमाण पाहता रोजची मर्यादा ठरवण्याची गरज नाही, हे आपले जुने मत कायम ठेवले. अमेरिकेत खाद्यपदार्थाच्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंत ती आजही चालते. भारतातही काही ठरावीक पदार्थांत तिला परवानगी आहे.

दुसरा वाद न्यायालयात गेला. ही पूड श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग होण्याचा संशय आहे, असे वर्गीकरण युरोपीय आयोगाने २०१९ मध्ये केले होते. उत्पादकांनी त्याला आव्हान दिले. २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे वर्गीकरण रद्द केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याविरुद्धची अपिले फेटाळली. निकाल ज्या मुद्द्यावर फिरला तो ऐकायला किरकोळ वाटतो. उंदरांच्या फुप्फुसातील पेशींमध्ये किती पूड साठली, याचा हिशेब करताना तज्ज्ञ समितीने सुट्या कणाची घनता धरली होती. प्रत्यक्षात हे कण एकमेकांना चिकटून पुंजके करतात. पुंजक्यात मोकळी जागा राहते, त्यामुळे तेवढ्याच वजनाची पूड पेशीत जास्त जागा अडवते. ही बाब समितीने विचारात घ्यायला हवी होती, असे न्यायालयाचे म्हणणे. पूड निर्धोक आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही.

‘तज्ज्ञांचेच एकमत नाही, मग सामान्य माणसाने काय करायचे?’ असे वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण या निर्णयांकडे नीट पाहिले तर दिसते की प्रत्येक संस्था वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होती. पूड पोटात गेली की फुप्फुसात? कण केवढा होता? सुटा होता की पुंजक्यात? धातूंच्या अतिसूक्ष्म कणांचे सगळे शास्त्र याच प्रश्नांभोवती फिरते. ‘कोणता धातू आणि किती मिलिग्रॅम’ ही विष मोजण्याची वैद्यकातील जुनी रीत इथे अपुरी पडते.

आकार बदलला की स्वभाव बदलतो

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद. ज्यांची लांबी-रुंदी १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्यांना नॅनोकण म्हणतात.

इतके लहान झाल्याने काय बिघडते, हे साध्या गणिताने समजते. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. तोच ठोकळा दहा नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत कापला तर सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे कबड्डीची साडेचार मैदाने. वजन एका कणानेही वाढलेले नसते. पण रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावर. शरीरातील द्रवांना, प्रथिनांना आणि पेशींना आता सहा चौरस सेंटिमीटरऐवजी साडेचार मैदानांएवढ्या धातूशी सामना करावा लागतो.

संख्येचे गणितही असेच आहे. हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत येणारा ‘पीएम २.५’ हा शब्द आता सर्वांच्या ओळखीचा आहे. अडीच मायक्रॉनच्या एका धूलिकणाचे जेवढे वजन भरते, तेवढ्याच वजनात त्याच पदार्थाचे २५ नॅनोमीटरचे दहा लाख कण बसतात. हवा तपासणाऱ्या यंत्राने वजन मोजले तर दोन्हींचा आकडा एकच येईल. फुप्फुसाच्या दृष्टीने मात्र एक पाहुणा आणि दहा लाख पाहुणे यांत फरक आहे.

शरीरात गेल्यावर सगळे धातू सारखे वागत नाहीत. जस्ताचा कण पेशीत शिरतो तो बंद पाकिटासारखा. पेशीच्या आतील आम्लात तो विरघळतो आणि एरवी पेशी ज्यांना मोजूनमापून आत घेते, ते जस्ताचे आयन एकदम मोकळे होतात. तांब्याचेही तसेच. चांदी सावकाश विरघळते. लोहाचा कण पेशीतील हायड्रोजन पेरॉक्साइडशी क्रिया करून आक्रमक मुक्त कण तयार करतो. टायटॅनियम डायऑक्साइड विरघळतच नाही. ते साठून राहते आणि त्याला हटवता न आल्याने शरीराच्या भक्षक पेशी धुमसत राहतात. वाटा वेगळ्या असल्या तरी शेवट बहुधा दाहात, म्हणजे दीर्घकाळच्या सुजेत होतो.

आत शिरण्याच्या तीन वाटा

त्वचा हा सगळ्यांत भक्कम दरवाजा. सनस्क्रीनमधील झिंक ऑक्साइड आत जाते का, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांना समुद्रकिनारी पाच दिवस असे मलम लावण्यात आले, ज्यातील जस्ताला समस्थानिकाची खूण होती. खुणेचे जस्त रक्तात आणि लघवीत सापडले, पण शरीरात आधीपासून असलेल्या जस्ताच्या तुलनेत ते अत्यल्प होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात सनस्क्रीनमधील १६ घटक तपासले. त्यांतील झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोनच घटकांना सुरक्षित व परिणामकारक मानले. धडधाकट त्वचेवर लावायचे मलम हा घाबरण्याचा विषय नाही. तेच द्रव्य फवाऱ्याच्या रूपात तोंडाजवळ उडवले की गोष्ट बदलते, कारण मग वाट फुप्फुसाची होते.

आतड्यांची वाट दुसरी. गिळलेल्या धातूकणांतील बहुतांश मलावाटे निघून जातात, अगदी थोडे रक्तात उतरतात. युरोपचा आक्षेप या थोड्यांबद्दल आहे. ते रोज, जन्मभर आणि लहान वयापासून पोटात जात असतील तर साठत जातात का, हा प्रश्न आहे. रंग पांढरा दिसावा एवढ्यासाठी ही शंका पत्करायची का, असा विचार करून युरोपने नकार दिला. पूड अन्नात पोषण म्हणून नसतेच, त्यामुळे या नकाराची किंमतही फार नव्हती.

सगळ्यांत नाजूक वाट तिसरी, श्वासाची. मोठे धूलिकण नाकातील केसांत आणि श्वासनलिकेतील चिकट स्रावात अडकतात. वीस नॅनोमीटरच्या आसपासचे कण मात्र निम्म्याच्या घरात थेट वायुकोशांपर्यंत पोहोचून तिथे बसतात. वायुकोश आणि रक्त यांमधील पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो.

कण हा पडदा ओलांडतात का, याचे उत्तर एडिंबरा येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दिले. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे निरुपद्रवी नॅनोकण हुंगायला दिले. सोने निवडण्याचे कारण असे की शरीरात ते एरवी जवळजवळ नसते, त्यामुळे सापडले तर ते हुंगलेलेच. काहींच्या रक्तात ते पंधरा मिनिटांत दिसले आणि तीन महिन्यांनंतरही रक्तात व लघवीत सापडत राहिले. मानेतील रोहिणीची शस्त्रक्रिया होणार असलेल्या रुग्णांमध्ये तर हे सोने रोहिणीच्या आतील चरबीच्या थरात जाऊन बसलेले आढळले. प्रदूषित हवेमुळे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात का वाढतात, या कोड्याचा एक तुकडा या प्रयोगाने जागेवर बसवला.

मेंदूबद्दलचा पुरावा त्याआधीचा, २०१६ चा. ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूच्या ऊती तपासल्या. त्यांत मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे कण होते. मेंदूत नैसर्गिक मॅग्नेटाइट असते, हे १९९२ पासून माहीत होते. पण नैसर्गिक कण कंगोरेदार स्फटिक असतात. हे कण गोल गरगरीत होते, म्हणजे प्रचंड उष्णतेत वितळून थिजलेले, आणि त्यांच्या जोडीला प्लॅटिनम, कोबाल्ट, निकेल असे धातूही होते. गाडीचे इंजिन आणि घासले जाणारे ब्रेक यांतून असेच कण निघतात. वास घेणाऱ्या चेतातंतूंवाटे ते नाकातून सरळ मेंदूत जात असावेत, असा अंदाज आहे. या कणांमुळे अल्झायमर होतो, असे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही आणि तसा दावा करणे चूक ठरेल. रस्त्यावरचा धातू मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, हा त्याचा अर्थ, आणि तोही पुरेसा गंभीर आहे.

प्रयोगशाळेआधीची नॅनो: वेल्डिंगचा धूर

नॅनो म्हटले की स्वच्छ पांढऱ्या कोटातील शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. धातूंच्या नॅनोकणांचा सगळ्यांत मोठा मारा मात्र ज्यांनी हा शब्दही ऐकलेला नसतो, त्यांच्यावर होतो. वेल्डिंगच्या ठिणगीत धातूची वाफ होते, ती हवेत येताच थिजते आणि नॅनोकणांच्या साखळ्या तयार होतात. डोळ्यांना दिसणारा निळसर धूर तो हाच. त्यात लोह आणि मँगनीज असते, स्टेनलेस स्टील असेल तर क्रोमियम आणि निकेलही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा म्हणून निश्चित झालेल्या गोष्टींच्या यादीत टाकले. याच संस्थेच्या अंदाजानुसार जगात सुमारे एक कोटी दहा लाख वेल्डर आहेत आणि आणखी अकरा कोटी कामगारांना कामाच्या ओघात या धुराला तोंड द्यावे लागते. गावोगावी ग्रिल, गेट आणि शटर बनवणारी फॅब्रिकेशनची दुकाने, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, पिंपरी-चिंचवडमधील छोटी वर्कशॉप यांतील माणसे याच जमातीतली.

या धुराचा एक आजार दवाखान्यांत वर्षानुवर्षे येतो आणि बहुधा वेगळ्याच नावाने परत जातो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप वेल्ड केल्यावर चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते. एक-दोन दिवसांत सगळे आपोआप ओसरते. हा धातुधुराचा ताप. पावसाळ्यात असा रुग्ण आला की मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या होतात, त्या निर्दोष निघतात, ‘व्हायरल’ असे लिहून गोळ्या दिल्या जातात. रोज धूर घेणाऱ्याच्या शरीराला आठवडाभरात त्याची सवय होते आणि सुट्टीत ती मोडते, म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ताप पुन्हा येतो. पाश्चात्य देशांत याला ‘सोमवारचा ताप’ असेच नाव पडले. केसपेपरवर ‘काल कोणते काम केले?’ या एका प्रश्नाचे उत्तर लिहिले गेले तर निदान जागच्या जागी होते. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असे इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. सव्वातीनशे वर्षांनंतरही तो प्रश्न गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सर्वांत आधी गळतो.

हा ताप स्वतः जीवघेणा नसतो, पण धूर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो आहे, याची ती सूचना असते. सगळे धातू इतके क्षमाशीलही नसतात. २०१० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेल्या प्रकरणात ३८ वर्षांचा निरोगी कामगार टर्बाइनच्या सुट्या भागांवर वितळलेल्या निकेलचा फवारा मारत होता. तेरा दिवसांनी तो श्वसनक्रिया बंद पडून मरण पावला. त्याच्या फुप्फुसातील पेशींत २५ नॅनोमीटरहून लहान निकेलचे कण सापडले.

अनेक कारखान्यांत धुळीवर उतारा म्हणून कामगारांना गूळ किंवा दूध देण्याची पद्धत आहे. त्यामागची भावना चांगली असली तरी गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. धूर उगमापाशीच ओढून घेणारा पंखा आणि नळी, म्हणजे स्थानिक निष्कासन यंत्रणा, हा खरा उतारा. तो महाग पडतो असे म्हणतात, पण त्याची तुलना गुळाच्या भेलीशी न करता तिशीत दम लागणाऱ्या कारागिराच्या कमाईशी करायला हवी. अडचण अशी की दोन-तीन माणसांचे दुकान कारखान्याच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनुसार तर विजेवर चालणाऱ्या जागेत किमान वीस कामगार असतील तरच तिला कारखाना म्हणायचे. सर्वाधिक धूर असलेली दुकाने तपासणीच्या कक्षेबाहेर राहतात ती अशी.

मोज्यांपासून तलावापर्यंत

चांदी जंतू मारते, हे जुने ज्ञान. भाजलेल्या जखमांवरील पट्ट्यांत आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये तिचा उपयोग रास्त आहे. पण घामाचा वास येऊ नये म्हणून मोज्यांत, टी-शर्टमध्ये आणि धुलाई यंत्रांतही नॅनोचांदी आली. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात २००८ मध्ये अशा मोज्यांची पाण्यात धुलाई करून पाहिली, तेव्हा काही मोज्यांतील जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. वास थांबवण्यासाठी पैसे मोजले आणि चांदी गटारात गेली.

गटारात तिची गंधकाशी गाठ पडते. बरीचशी चांदी सिल्व्हर सल्फाइड होऊन शुद्धीकरण केंद्राच्या गाळात बसते आणि तिचा विषारीपणा पुष्कळ कमी होतो. हा दिलासा खरा आहे, पण तो सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचते त्या शहरांपुरता. प्रक्रियेविना नदीत गेलेल्या पाण्याला तो लागू होत नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेले तलाव आहेत. त्यातल्या २२२ क्रमांकाच्या तलावात २०१४ आणि २०१५ या दोन हंगामांत संशोधकांनी मुद्दाम थोडी थोडी नॅनोचांदी सोडली. माशांच्या यकृतात चांदी साठली, पर्च जातीच्या माशांची संख्या घटली आणि त्यांचे खाणेही कमी झाले. काचेच्या भांड्यातील प्रयोगांवर जो विश्वास बसत नव्हता तो अख्ख्या तलावाने पटवून दिला.

वैद्यकाला काळजी आणखी एका गोष्टीची आहे. १९७० च्या दशकात बॉस्टनमधील भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीला दाद न देणारे जिवाणू सापडले होते. प्रतिजैविकांप्रमाणेच चांदीचेही आहे. वाटेल तिथे वापरली तर गरजेच्या वेळी ती निकामी ठरू शकते. मोज्यांचा वास घालवण्यात ती खर्चून टाकणे शहाणपणाचे नाही.

शेतीतही आता नॅनो झिंक आणि नॅनो कॉपर ही द्रवरूप खते आली आहेत. कमी मात्रेत पिकाला जस्त मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो फवारणाऱ्याच्या श्वासाचा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, नॅनो खतांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण पाठीवर पंप, तोंडाला फारतर उपरणे आणि वाऱ्याच्या दिशेचे भान नाही, ही परिस्थिती तीच आहे. बाटलीवर पिकासाठीच्या मात्रेइतक्याच ठळक अक्षरांत फवारणाऱ्यासाठीच्या सूचना असायला हव्यात.

हाच धातू औषधही होतो

एवढे वाचून धातूचा नॅनोकण म्हणजे विष, असा समज झाला तर तो चुकीचा ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. गोळ्यांनी रक्त वाढत नसेल, तर सरकारी रुग्णालयात त्यांना सलाइनमधून ‘आयर्न सुक्रोज’ दिले जाते. हे तांबूस तपकिरी औषध म्हणजे लोहाचे नॅनोकणच असतात, प्रत्येक कणाभोवती साखरेचे आवरण गुंडाळलेले. मोकळे लोह रक्तात सोडले तर ते घातक ठरेल. आवरणामुळे भक्षक पेशी कण उचलतात, लोह हळूहळू मोकळे करतात आणि अस्थिमज्जा त्यापासून हिमोग्लोबिन बनवते. ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या वेगाने दिले तर ते आईला बाळंतपणातील धोक्यातून वाचवते. घाईने दिले तर रक्तदाब घसरतो.

वेल्डिंगच्या धुरातील लोह आणि या बाटलीतील लोह, मूलद्रव्य एकच आहे. फरक आवरणाचा, वाटेचा, मात्रेचा आणि देखरेखीचा आहे. औषध म्हणून नॅनोकण द्यायचे तर भारतात २०१९ पासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत, शेती आणि अन्नातील नॅनो उत्पादनांसाठी २०२० पासून. रुग्णाला मोजून दिल्या जाणाऱ्या लोहावर एवढी नजर असते. कारागिराच्या नाकात दिवसभर जाणाऱ्या लोहाची मोजणीच होत नाही.

मोजमाप बदलायला हवे

बदलाची सुरुवात इतरत्र झाली आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामाच्या जागी टायटॅनियम डायऑक्साइडसाठी २०११ मध्ये दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या. एक घनमीटर हवेत साध्या बारीक पुडीसाठी २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म पुडीसाठी ०.३ मिलिग्रॅम. चांदीसाठी २०२१ मध्ये असेच केले. एकूण चांदीसाठी १० मायक्रोग्रॅम, नॅनोचांदीसाठी ०.९ मायक्रोग्रॅम. धातू तोच, मर्यादा सुमारे आठपट किंवा अकरापट कडक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेच्या अतिसूक्ष्म कणांबाबत वजनाऐवजी संख्येत बोलायला सुरुवात केली. एका घनसेंटिमीटर हवेत दिवसाची सरासरी एक हजाराखाली असेल तर कमी आणि दहा हजारांवर असेल तर जास्त, असा तिचा निर्देश आहे.

भारताची हवेची मानके २००९ ची आहेत. त्यांत शिसे, निकेल आणि आर्सेनिक यांचा समावेश आहे, पण सगळी मोजणी वजनात. कण मोजणे आपल्याला अपरिचित आहे, असे मात्र नाही. २०२० मध्ये आलेल्या भारत स्टेज सहा नियमांत डिझेल मोटारींच्या धुरासाठी किलोमीटरमागे सहाशे अब्ज कणांची मर्यादा आहेच. गाडीच्या नळकांड्यापाशी जे मोजता येते ते चौकात, शाळेजवळ आणि औद्योगिक वसाहतीतही मोजता येईल. मुंबई आणि पुण्यासारख्या शहरांत अशी काही केंद्रे कायमची हवीत. ब्रेकच्या धुळीकडेही लक्ष द्यावे लागेल. युरोपचे नवे वाहन नियम नोव्हेंबर २०२६ पासून लागू होत आहेत आणि त्यांत तिला प्रथमच मर्यादा घातली आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढल्या तरी टायर आणि ब्रेक झिजतच राहतात.

आणखी दोन गोष्टी खर्चिक नाहीत. युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांत नॅनोकण असतील तर वेष्टनावर तसे छापावे लागते. फ्रान्समध्ये वर्षाला शंभर ग्रॅमहून जास्त नॅनोद्रव्य बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्याला सरकारकडे नोंद करावी लागते. कोणता कण कुठे आहे, हे माहीतच नसेल तर उद्या एखाद्या आजाराचा माग काढताना डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत जगाला हा धडा फार महागात पडला.

सर्वसाधारण घरात सावधगिरीची यादी लहान आहे. सनस्क्रीन मलमाच्या रूपात घ्यावे, लहान मुलांच्या तोंडावर फवारा मारू नये. ‘जंतूविरोधी चांदी’ असलेले कपडे घेण्याचे कारण नाही. कागदी बॉक्समधली पांढरीशुभ्र गोड गोळी मुलांना रोज देण्याची सवय तशीही दातांसाठी वाईटच. यापलीकडे भीती बाळगायची गरज नाही.

वर्कशॉपमध्ये मात्र रोजच्या कामाची रीत बदलायला हवी. वेल्डिंग शक्यतो उघड्यावर, धूर चेहऱ्यापासून दूर जाईल असे उभे राहून करावे. मुलामा दिलेल्या पत्र्याचा जोडाजवळचा भाग आधी घासून घ्यावा, तोही मुखवटा लावून. रुमाल किंवा साधा कापडी मास्क नॅनोकण अडवत नाही. वेल्डिंगसाठी बनवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणीचा मुखवटा अडवतो. जमिनीवरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरी नेले तर घरच्या धुण्यापासून वेगळे धुवावेत, कारण त्यांवरची धूळ घरातील लहान मुलांच्याही श्वासात जाते. सुट्टीनंतर कामावर गेल्यावर ताप येत असेल तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप न विचारताही सांगावे.

टायटॅनियमच्या पांढऱ्या पुडीवर युरोपात दोन न्यायालयांत आणि अनेक समित्यांत वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला, आणि तो योग्यच होता. नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानातील हवेचा एकही नमुना आजवर कोणी घेतलेला नसतो. ती मोजणी सुरू करण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही.